नंतरची गाडी

६ जानेवारी, सोमवार

चेन बदलून घेतली — एकदाची! गेले कित्येक दिवस मागे बसून कुणीतरी दात खातंय असा आवाज येत होता. गॅरेजवाला म्हणाला, नुसती चेन टाकून भागणार नाही, दोन्ही दातेरी चाकंही झिजलीत. टाक म्हटलं. आता गाडी अशी गुपचूप चालते की ही आपलीच ना, अशी शंका यावी. बाबा मागे बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि म्हणाले, "चेन नवी दिसतेय." मी सांगितलं नव्हतं. उभा जन्म बस चालवलेला माणूस, त्यांना काय सांगायचं!

सोमवार आणि गुरुवार त्यांचे. सकाळी डायलिसिसच्या वॉर्डात पोचवायचं, सुया टोचून मशीन सुरू होईपर्यंत थांबायचं, मग मी कामावर. दुपारी परत आणायचं. किडनी बदलण्याचा विषय डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत संपवला होता. वय झालंय, हृदय अशक्त आहे. म्हणजे हे असंच चालायचं. कुठपर्यंत, ते घरात कुणी मोठ्याने विचारत नाही. घरात म्हणजे बाबा, मी आणि ही.

जाताना बाबा बोलतात. सिग्नल लाल झाला की मागच्या फूटरेस्टवर त्यांचा उजवा पाय कचकन दाबला जातो. माझ्या आधी त्यांनी ब्रेक मारलेला असतो! येताना मात्र गप्प. रक्तदाब उतरलेला, डोळे मिटायला लागलेले. टॅक्सीचं नाव काढलं की नको. बंद गाडीत मळमळतं, वाऱ्यावर बरं वाटतं म्हणतात. खरं कारण मला माहीत आहे. परक्याच्या हातात स्टिअरिंग असलं की त्यांना जीव मुठीत धरून बसावं लागतं.

म्हणून येताना पट्टा. कामावरचा जुना सेफ्टी बेल्ट आहे, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना आम्ही कमरेला लावतो तो. एक वेढा त्यांच्या कमरेला, एक माझ्या, मध्ये आकडा. वरून जॅकेट. कुणाला दिसत नाही. "पार्सल नीट बांधलंस ना?" असं दर वेळी विचारतात.

८ जानेवारी, बुधवार

दिवसभर लिफ्टच. एक अडकलेली, एक दार न लागणारी, एक विनाकारण प्रत्येक मजल्यावर थांबणारी. संध्याकाळी किक मारायचंही जिवावर आलं होतं. गाडी मात्र पहिल्या किकला सुरू. या गाडीबद्दल वाईट बोलायला तोंडच उरत नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज ती पाहिली.

नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी होती. मी आणि टॉर्च खाली मोटर तपासायला गेलो होतो. (टॉर्च म्हणजे माझा जोडीदार. दोन्ही हात कामात असले की हा टॉर्च दातांत धरतो, बोलायचं असलं की तसाच बोलतो.) चारशे सीसी. उंच, रुंद टाकी, पुढचं चाक मोठं, आणि सगळ्या अंगावर लांबच्या रस्त्याची धूळ. मालक मुद्दाम धूत नसेल. मीही धुतली नसती.

मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असणार. टॉर्चने टॉर्च तोंडातून काढला — म्हणजे गोष्ट गंभीर! म्हणाला, घेऊन टाक की, किती वर्षं त्या दूधवाल्याच्या गाडीवर काढणार? मी म्हटलं, घेणार आहे. नंतर. तो म्हणाला, तुझं हे नंतर मी कामाला लागल्यापासून ऐकतोय.

खरं आहे. लग्न झालं तेव्हा हिला सांगितलं होतं, घाटाच्या पलीकडे, थेट समुद्रापर्यंत जाऊ, मोटरसायकलवरून. एकदा निघालोही या गाडीवर. अर्ध्या चढावर इंजिन इतकं तापलं की दोघं रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिलो आणि परत आलो. ही हसत होती. मी म्हटलं, मोठी गाडी घेतली की परत येऊ. तेव्हापासून ती गाडी 'नंतर'मध्ये उभी आहे.

१२ जानेवारी, रविवार

चेनला तेल, टायरमध्ये हवा, क्लचची तार जरा ताणली. ही कपडे वाळत घालत होती. मी आपला कालच्या गाडीचं कौतुक सांगत होतो. तिने चिमटा लावता लावता सहज विचारलं, "नंतर म्हणजे नक्की कधी?"

बघू, म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा कपडा उचलला.

१६ जानेवारी, गुरुवार

वॉर्डातल्या बाकावर बसून लिहितोय. आज मशीन उशिरा मोकळं झालं. बाबांच्या डाव्या हाताला, जिथे सुया टोचतात तिथे, शीर जाड झाली आहे. वर बोटं ठेवली की आतून बारीक घरघर लागते. सिस्टरनी पहिल्यांदा मला लावून बघायला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. बाबांना मात्र त्याची मौज. कुणी नवा पेशंट आला की हात पुढे करतात — बघा, इंजिन चालू आहे.

पाण्याची बंदी आहे त्यांना. मोजून मापून. बर्फाचा एक खडा मिळतो, तो गालात धरून बसतात. आज मला म्हणाले, "हा खडा संपेपर्यंत तू थांब, मग जा." थांबलो.

१९ जानेवारी, रविवार

शोरूममध्ये गेलो होतो. एकटाच. घरी सांगितलं, टॉर्चकडे जातोय.

बसलो तिच्यावर. पाय जेमतेम टेकले. हँडल रुंद, पाठ ताठ, समोर काहीच नाही — नुसती काच, आणि काचेपलीकडचा रस्ता. त्या दोन मिनिटांत मला कुणी हाक मारली असती तर ऐकू आली नसती. मागची सीट मात्र इवलीशी, आणि पुढच्यापेक्षा वीतभर उंच. तिच्याकडे मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सेल्समन भला माणूस होता. गळ्यात पडत नव्हता. त्याने विचारलं, डिलिव्हरी कधी हवी? म्हटलं, घाई नाही. तो म्हणाला, तरी अंदाजे? या मॉडेलला आठ महिन्यांचं वेटिंग आहे, आज नंबर लावला तर तेव्हा मिळेल.

आणि मी म्हणालो, "आठ महिने ठीक आहेत. तोपर्यंत जमेल."

परत येताना अर्ध्या रस्त्यात गाडी कडेला घेतली. काय जमेल तोपर्यंत? पैसे तर आत्ताही साठलेले आहेत. तोपर्यंत काय होईल असं माझ्या मनात होतं? हृदयाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर म्हणू या, पुढचं कुणी सांगू शकत नाही. ती तपासणी पावसाच्या आधी झाली होती. मी शोरूममध्ये, त्या गाडीवर बसून, हसत हसत, हिशेब केला होता.

माझी मलाच किळस आली. इथे लिहितोय, कारण दुसरं कुणाला सांगणार!

२० जानेवारी, सोमवार

बाबांना सोडलं, आणलं. बोललो नाही. त्यांना वाटलं कामाचा ताप आहे.

२६ जानेवारी, रविवार

बुकिंग केलं.

आठवडाभर मनाला बजावत होतो, जायचं नाही, विषय बंद. आणि रविवारी पाय तिकडेच. मनाची समजूतही तयार होती — नंबर लावून ठेवायला काय हरकत आहे, नको असेल तेव्हा रद्द करता येतो. सेल्समन म्हणाला, जुनी एक्स्चेंजमध्ये देणार ना? हो म्हणून बसलो. लांब, सपाट सीटची, बाबा बसतात ती गाडी! हो म्हणायला मला एक क्षणही लागला नाही.

फोनसाठी घरचा नंबर दिला. लिफ्टच्या खड्ड्यात माझा फोन लागत नाही.

हिला सांगितलं. खूश झाली. मग जरा वेळाने म्हणाली, "मागची सीट केवढीशी आहे हो. बाबा कसे बसणार?"

जुनीही ठेवणार आहे, म्हणालो. खोटं. इतकं सहज खोटं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

येताना, पुलाच्या उतारावर बाबांना झोप लागली. रोज लागते तशी नाही — एकदम. सगळं अंग डावीकडे कललं आणि पट्ट्याने मलाही ओढलं. ब्रेक दाबला, डावा पाय टेकला, तो मुरगळला. गाडी माझ्या मांडीवर आली. पडली नाही, पण मला उतरताही येईना, सरळही करता येईना. बाबा पट्ट्यात लोंबकळताहेत, मागून गाड्या हॉर्न देताहेत.

आकडा काढायला गेलो तर निघेना! आणि निघणार कसा? तो बनवलाच तसा आहे. ओढ असली की उघडत नाही, माणूस लटकलेला असताना चुकून सुटू नये म्हणून. इतकी वर्षं हा आकडा वापरतोय, शिकाऊ पोरांना हे मीच समजावून सांगतो. आणि बाबांना तोच लावताना माझ्या डोक्यात आलं नाही. कुठल्याही शहाण्या माणसाने साधी दोरी बांधली असती. मी पडलो लिफ्टवाला!

शेवटी एका हातगाडीवाल्याने गाडी सोडून धावत येऊन बाबांना खालून उचलून धरलं. तेव्हा ओढ सैल झाली, आकडा सुटला. आम्ही कठड्याला टेकून बसलो. बाबांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय — "क्लच दाबला होतास ना?"

मी रडलो. रस्त्यावर, त्या हातगाडीवाल्यासमोर. तो बिचारा पाण्याची बाटली पुढे करून उभा होता, आणि बाबांनी दोन घोट मागितले तर मला नाही म्हणावं लागलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

माझा सुजलेला पाय सिस्टरच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वॉर्डातल्या सगळ्यांसमोर माझी जी हजेरी घेतली! दोघांना एकत्र बांधलं होतंत? एक पडला तर दुसऱ्याने उचलायचं असतं, दोघांनी मिळून पडायचं नसतं. पट्टा जप्त. येताना टॅक्सी. अट मोडली तर डॉक्टरांना सांगेन.

बाबा एरवी वाद घालायचे. आज म्हणाले, बरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टॅक्सीने आले. मी गाडीवरून मागे मागे. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं, एका बाजूला कललेलं. सिग्नलला ते सरळ झालं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाबांचं काहीतरी बिनसलंय. बर्फ मागितला नाही. सिस्टरनी आणून दिला तर वाटीत तसाच विरघळला. हिने विचारलं, काय हवं नको, तर म्हणाले, आता कशाला काय हवं. सकाळी जातानाही माझ्या मागे गप्प बसून होते. मी मुद्दाम एका ठिकाणी ब्रेक उशिरा मारला. त्यांचा पाय हलला नाही.

दोष माझा आहे. पट्ट्याचा नाही, माझाच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

व्हायचं ते झालं. शोरूममधून घरी फोन आला, आणि तो बाबांनी उचलला.

संध्याकाळी मी बूट काढतोय तोच खाटेवरून म्हणाले, "फोन होता. रंग कोणता ते सांगायचं राहिलंय म्हणे."

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आता काय सांगणार? की बुकिंग केलंय पण तुमच्यानंतरसाठी? मी म्हटलं, असंच, नंबर लावून ठेवलाय, अजून पुष्कळ वेळ आहे. ते हं म्हणाले. मी हात धुऊन आलो तर विचारलं, "सीट किती उंच आहे?"

टोमणा आहे असंच वाटलं. तोंडात मारल्यासारखं झालं. आहे थोडी, म्हणालो. त्यांनी बसल्या बसल्या हात आडवा धरून दाखवला — एवढी? मी म्हटलं, त्याहून जरा वर. हात वर गेला. त्या हाताकडे ते बघत राहिले. आणि मी जमिनीकडे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बुकिंग रद्द करतो म्हणून हिला सांगितलं. आणि मग बाकीचंही सांगून टाकलं, एक्स्चेंजचं, आठ महिन्यांचं, सगळं. लपवून लपवून छाती जड झाली होती. वाटलं, आता ही बोलेल. बोलायलाच हवं होतं.

ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मीही कधी कधी मनात मोजते. मग डोळे पुसून म्हणाली, रद्द मात्र आत्ता करू नका. का, ते सांगितलं नाही.

२ मार्च, रविवार

आज कळलं का ते.

दुपारी बाबांच्या खोलीतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी उठलो तर हिने हात धरला. ओरडू नका, म्हणाली, दाराच्या फटीतून बघा. मी बघितलं. बाबा खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून उभे. शेजारी लाकडी खुर्ची. उजवा पाय उचलून खुर्चीच्या हातावरून पलीकडे न्यायचा प्रयत्न चाललेला. अर्ध्यावर जातो, थांबतो, खाली येतो. घाम पुसतात, श्वास घेतात, परत.

पहिल्यांदा वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय! हिला खुणेने विचारलं. ती कानात म्हणाली, "गाडीवर बसायची तयारी चाललीय. फोन आला त्या दिवसापासून. आधी पाटावरून पाय नेत होते, आता खुर्ची. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला."

मी तिथेच, दाराबाहेर, जमिनीवर बसलो.

त्यांना वाटलं ती गाडी त्यांच्यासाठीही आहे. त्यांच्या मनात दुसरा विचार आलाच नाही. मुलगा मोठी गाडी घेतोय, सीट उंच आहे, तर आपल्याला पाय उचलता यायला हवा — इतकं सरळ! मी इतके दिवस त्यांच्या त्या 'सीट किती उंच'मध्ये टोमणा शोधत होतो.

आत परत खुर्ची वाजली.

९ मार्च, रविवार

बाबांना शोरूममध्ये नेलं. मीच म्हणालो, चला, रंग ठरवू. हिचा नव्या शर्ट-पँटचा आग्रह त्यांनी मानला, दाढी केली. ही टॅक्सीत त्यांच्यासोबत, मी गाडीवर.

आधी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, डेपोतून बस काढायच्या आधी मारत असत तशी. टायर दाबले. वाकून चेन बघितली. आरसा हलवून बघितला. सेल्समनला विचारलं, रस्त्यात पंक्चर झाली तर मागचं चाक खोलायला किती वेळ? त्याला सांगता येईना. बाबा खूश.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला. सीटपर्यंत आला. पलीकडे जाईना. परत एकदा. सगळं शोरूम बघतंय असं मला वाटत होतं. सेल्समनने कुठूनशी एक छोटी पायरी आणली. बाबांनी हातानेच नको म्हटलं. तिसऱ्यांदा मीच त्यांना थांबवलं. ओठ पांढरे पडले होते.

खुर्चीवर बसून दम खाल्ला. हसून मला म्हणाले, "अजून महिने आहेत ना हातात? तोपर्यंत जमेल."

माझेच शब्द! तेच, जसेच्या तसे. त्यांना काय माहीत!

नंतर चहा आला. त्यांनी कपाला नुसते ओठ लावले. मी विचारलं, बाबा, एवढी उंच गाडी, तुम्हाला खरंच बसायचंय? ते म्हणाले, घाटाच्या पायथ्यापर्यंत माझी बस जायची. तिथे वळण होतं. उतारू उतरायचे, चालत पुढे जायचे, आणि मी गाडी फिरवून परत. नोकरीभर. पुढे रस्ता कसा वळतो ते मी कधी बघितलंच नाही. सुट्टी असली की घरी झोपायचो. तू जाणारच आहेस तिकडे. मला त्या वळणाच्या पुढे ने, एवढंच.

रंग त्यांनी ठरवला. करडा. धूळ दिसत नाही म्हणे. मागे टेकायला पाठीची गादी मिळते, तीही लावायला सांगितली. आणि एक्स्चेंज नको, जुनी ठेवणार, असं मी सेल्समनला हिच्यासमोर स्पष्ट सांगितलं.

२० मार्च, गुरुवार

बाबांनी सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलंय. समोरच्या बेडवरच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, या वयात हेल्मेटला केस विंचरणार का? बाबा म्हणाले, आहेत तेवढे विंचरीन. बर्फाचा खडा परत गालात. सकाळी सिग्नलला मागून ब्रेक लागला — माझ्या आधी!

टॉर्चला सगळं सांगितलं. त्याने तोंडातला टॉर्च काढून खिशात ठेवला.

२५ मार्च, मंगळवार

शोरूमचा फोन. (रंग ठरवला तेव्हा माझाही नंबर देऊन ठेवला होता.) कुणीतरी बुकिंग रद्द केलं, करडाच रंग, गाडी पुढच्या आठवड्यात मिळू शकते! वेटिंगमधली पुढची माणसं दुसऱ्या रंगावर अडून बसलीत. मी लिफ्टच्या टपावर उभा होतो, नशिबाने फोन लागला. हो म्हटलं. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. टॉर्चने दोनदा स्क्रू हातातून काढून घेतला.

घरी सांगितलं. हिने आधी घाटाच्या थंडीचे स्वेटर काढायचे ठरवले. आम्ही तिघांनी कसं जायचं याचा तोडगाही काढला — मी आणि बाबा गाडीवर, ही टॉर्चच्या कुटुंबाबरोबर त्यांच्या मोटारीत मागून. पट्टा नाही. बाबा थकले की मोटारीत.

बाबा मात्र म्हणाले, "इतक्या लवकर?"

चेहरा उतरला होता. पाय अजून पलीकडे जात नाही म्हणून असणार. मी म्हटलं, ती पायरी आणू, त्यात काय लाजायचं, मी धरतो ना. ते हं म्हणाले. जेवले कमी.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी आज मला एकट्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, तुमच्या वडिलांनी कुणाला सांगू नका म्हणून हात धरला होता, पण आता मला सांगावंच लागेल. फेब्रुवारीत ते माझ्याकडे आले होते, डायलिसिस बंद करा म्हणून. पोराची फरपट होते म्हणाले. मी पुष्कळ समजावलं, ऐकेनात. शेवटी मार्चपासून थांबवायचं ठरलं. मग एका गुरुवारी येऊन म्हणाले, एवढ्यात नको, मुलाची गाडी येईपर्यंत चालू ठेवा, तिच्यावरून एकदा जाऊन येतो. आज सकाळी विचारत होते, गाडी पुढच्या आठवड्यातच येतेय, तर त्यानंतर कुठल्या दिवसापासून थांबायचं?

बाहेर आलो. जिन्यातूनच शोरूमला फोन लावला. म्हटलं, ती गाडी दुसऱ्या कुणाला द्या, माझा नंबर मागे टाका. सेल्समन म्हणाला, किती मागे टाकू?

सगळ्यांच्या, म्हटलं.